अमावास्येची धास्ती, अष्टमीचा भांग

अमावास्येला नवी गाडी घरी आणायला अनेकजण आजही कचरतात. त्याच मंडळींच्या घरी आश्विनातल्या अमावास्येला थाटात लक्ष्मीपूजन होते! तमिळनाडूत तर अमावास्या शुभकार्याला चालते. चंद्र एकच, धाक मात्र प्रांतागणिक वेगळा.

चंद्राचा खरा अंमल पाहायचा तर कोकणच्या खाडीवर जावे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकवटते आणि समुद्राला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती ओढ काटकोनात विभागली जाते. मग भरती बेताची, ओहोटीही बेताची. कोळी त्याला भांग म्हणतात. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून तिथी ठाऊक असलेला जाणता कोळी घड्याळ न पाहताही होडी कधी लोटायची ते सांगतो. मुंबईत मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरहून मोठी भरती एकाच वेळी आली, की पाण्याचा निचराच थांबतो. पालिका उधाणाचे दिवस आधीच जाहीर करते ते त्यासाठीच.

पत्रिकेतला चंद्र वेगळा. आपल्याकडे रास ठरते तीच जन्मवेळच्या चंद्रावरून. डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये महाराष्ट्रात चाचणी घेतली: प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद, हे सांगायचे. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवून याहून वाईट निकाल लागला नसता.

तिथी पंचांगात जरूर बघावी, पण गाडीसाठी नव्हे, होडीसाठी.