नवी सकळ लिपी

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत दडवले, त्याला काही कारण होते. पंथाचे धन परक्यांच्या हाती पडू नये, एवढी त्यांची भूमिका तरी स्पष्ट होती. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या खटपटीने ती कुलपे उघडली आणि मराठी वाङ्मयेतिहासाचे चित्रच पालटले. ज्या वऱ्हाडात, रिद्धपुरी, म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले, तेथील अभ्यासकांपुढे आज दुसरी सकळ लिपी उभी आहे. हिला मात्र कारण म्हणावे असे काही नाही.

२००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत बंधनकारक केली. 'शोधगंगे'त प्रबंध खुले होऊ लागले. १९८३पासूनच्या अमरावती विद्यापीठाचा कारभार आज पाच जिल्ह्यांत पसरलेला. अकोल्याच्या वा वाशीमच्या विद्यार्थ्याने एका प्रबंधासाठी एस.टी.ने अमरावती गाठू नये, हे त्यातले खरे वचन. परंतु मराठीतले कित्येक प्रबंध युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेले असतात. पडद्यावर 'चक्रधर' दिसते. फाइलीच्या पोटात असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे, ज्यांना फाँट देवनागरीचा मुखवटा चढवतो. शोधायला जावे तर 'चक्रधर' सापडत नाही. उतारा उचलावा तर हाती अक्षरांचा चिवडा येतो. काही प्रबंध तर निव्वळ पानांची छायाचित्रे. हे खुले प्रकाशन म्हणायचे, की उघड्या दारामागची भिंत?

अकोल्याच्याच कृषी विद्यापीठातील प्रबंध 'कृषिकोशा'त पाहावेत. ते बहुशः इंग्रजीत, म्हणून शोधता येतात. कापसावरील संशोधन शब्द टाकताच समोर येते. पऱ्हाटीवर लिहिणाऱ्या कवींवरचे संशोधन येत नाही. (ज्या शेतकऱ्यासाठी ते कापसाचे संशोधन, त्याच्या भाषेत ते नाही, हा वेगळा विनोद.)

प्रबंध असा खुला केला की चोरी होईल, ही काही प्राध्यापकांची भीती. आम्हांस उलटेच दिसते. २०१८च्या नियमांनी वाङ्मयचौर्याची तपासणी आवश्यक ठरली. पण यंत्राला जी अक्षरे मराठी म्हणून वाचताच येत नाहीत, तेथे साम्य ते कशाशी जुळवणार? असे प्रमाणपत्र म्हणजे न वाचलेल्या पोथीवर दिलेला अभिप्राय. चोराला याहून सुरक्षित लिपी कोणती?

पैसा नाही, असेही ऐकवले जाते. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेस तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. परदेशी नियतकालिके येथे पोचावीत, हे आम्हांस मान्यच आहे. परंतु दुसऱ्यांचे ज्ञान विकत आणणारे ग्रंथालय घरचे ज्ञान वाचनीय करीत नसेल, तर ते ग्रंथालय नव्हे, वर्गणीदार. आणि येथे लागणारा खर्च तो केवढा! प्रबंध स्वीकारताना ग्रंथपालांनी फाइल उघडावी, शीर्षकातले तीन शब्द तीत शोधून पाहावेत. न सापडल्यास युनिकोड प्रत येईपर्यंत प्रबंध परत करावा. जुन्यांसाठी रूपांतराची साधने आहेत. ती चुका करतात. त्या दुरुस्त करण्याचे काम एम.ए. मराठीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावे. पाठचिकित्सा नुसती शिकवण्यापेक्षा ती करून घेतलेली बरी.