चंचलतेचे कौतुक पुरे

औषधाने प्रतिभा बोथट होते, असे आमच्या साहित्यिक बैठकांत पुनःपुन्हा ऐकू येते. हे बोलणाऱ्यांनी एडीएचडीसह चिंताविकार सोसणाऱ्या प्रौढाचा एक दिवस पाहावा. अर्धवट प्रबंध, न तपासलेल्या उत्तरपत्रिका, आणि आज ते सारे उघडकीस येईल ही धडकी. यात आम्हांस प्रतिभेचे काही दिसत नाही.

हा विकार मुलांचाच, हा समजही शिळा झाला. २०१३च्या डीएसएम-५ने १७ वर्षे व त्यापुढील रुग्णांसाठी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली. खरी अडचण आहे ती उपचारात. मिथाइलफेनिडेटने अवधान स्थिरावते, पण नाडीही वाढू शकते. आणि चिंताग्रस्ताला ती धडधड म्हणजे नव्या झटक्याची चाहूल वाटते. म्हणून मात्रा अल्प ठेवून हळूहळू वाढवतात, किंवा अ‍ॅटोमॉक्सेटिन देतात, ज्याचा गुण यायला आठवडे लागतात. (चहाचे कप मोजणे आलेच.) काहींची चिंता मात्र कामे मार्गी लागताच ओसरते. हे बारकावे ठरवायचे मनोविकारतज्ज्ञाने, समीक्षकाने नव्हे.

रत्नागिरीत मनोरुग्णालय १८८६पासून आहे. तरी त्याचे नाव निघते ते बहुधा थट्टेत, आणि त्या थट्टेच्या धाकाने शिकलीसवरलेली माणसेही तिकडे फिरकत नाहीत. मिथाइलफेनिडेट तर १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीतले. चिठ्ठी दाखवताना आधीच संकोचलेल्या माणसाला दुकानदाराची नजर पुरते. त्यात आमच्या व्यासपीठांवरून 'गोळ्यांवर जगणारी पिढी' अशी टाळ्या घेणारी वाक्ये यायची, आणि श्रोत्यांतल्या कुणीतरी दुसऱ्या सकाळी पाकीट न उघडताच कपाटात ठेवून द्यायचे.