ओट्याच्या दगडातल्या लाटा

गेल्या महिन्यात वाशिमला बहिणीच्या नव्या घरी ओट्याचा ग्रॅनाइट आला. गुलाबी दगड आणि त्यात काळ्या लाटा. तिच्या सासूबाईंनी पाहताच सांगितलं, "फुटका दगड दिलाय, परत पाठवा." भाचीने मला विचारलं, "मामू, दगडात लाटा कशा येतात?"

प्रश्न साहजिक होता. आपल्या वाशिमचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीवर पसरून त्याचे थरावर थर साचले. ते आजही बहुतेक आडवेच आहेत. ग्रॅनाइट मात्र जमिनीखाली खोलवर, सावकाश थंड होतो. त्याच्या अवाढव्य साठ्याला बॅथोलिथ म्हणतात. लेहच्या उत्तरेची डोंगररांग अशाच बॅथोलिथची आहे.

डोंगर घडताना हा साठा दाबला जातो, ताणला जातो. त्याची नोंद दगडाच्या कणांत राहते. रस पातळ असतानाच ढकलला गेला, तर त्यातले स्फटिक ओढ्यातल्या काड्यांसारखे एका दिशेने लागतात, पण स्वतः धड राहतात. घट्ट झाल्यावर दाब आला, तर गोष्ट वेगळी. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर क्वार्ट्झ न तुटता फितीसारखा लांबतो. फेल्डस्पार अधिक कणखर. तो डोळ्याच्या आकारात उरतो आणि फिती त्याला वळसा घालतात. दगडातले काळे गोळेही कणकेच्या गोळ्यासारखे लाटले जातात. अशा अनेक गोळ्यांची लांबी-रुंदी मोजून भूवैज्ञानिक ताणाचा अंदाज घेतात. आपल्या राज्यात गोंदियाच्या आमगाव परिसरात असे दाबले गेलेले पट्टेदार जुने खडक आहेत. 'आमगाव नाइस' हे नाव त्या गावावरूनच पडलं.

म्हणजे लाट ही भेग नव्हे. पण खात्री करायला हवी होती. भाचीने लाटांवरून नख फिरवलं, कुठेही अडकलं नाही. मग दगडावर पाणी ओतून पुसलं. सगळा दगड सुकला, पण सिंकसाठी कापलेल्या कोपऱ्याजवळ एक बारीक रेघ ओलीच राहिली. तिथे नखही अडकलं. ती खरी भेग होती, आणि ती लाटांना आडवी गेली होती.

दुकानदाराने तो तुकडा बदलून दिला. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते?" त्यांचं निम्मं बरोबर होतं. नवा दगडही लाटांचाच आला, आणि या वेळी तो त्यांनीच पाणी ओतून, नख फिरवून पसंत केला.