बंदोबस्त, रजा आणि रक्तदाब

पोलिसांचे पोट हा आपल्याकडे विनोदाचा विषय आहे. त्यांच्या रक्तदाबाची चौकशी मात्र कोणी करीत नाही. माझ्याकडे येणारे हवालदार, शिपाई ॲसिडिटी, डोकेदुखी, झोप न लागणे अशा तक्रारी सांगतात. थोडे बोलते केले की खरे दुखणे बाहेर येते. "डॉक्टरसाहेब, कामाचं काही नाही. पण ड्यूटी कधी सुटणार तेच कळत नाही."

वाचकहो, शेतकरीही पेरणीच्या दिवसांत चौदा तास राबतो. पाऊस त्याच्या हाती नसतो, पण आज कोणते रान पेरायचे हे तोच ठरवतो. बंदोबस्तावरच्या शिपायाला जेवण कधी मिळेल हेही ठाऊक नसते. श्रमापेक्षा ही परस्वाधीनता माणसाला अधिक पोखरते.

लंडनमधील दहा हजारांवर सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास 1985 साली सुरू झाला. ज्यांना स्वतःच्या कामात निर्णयाला वाव कमी, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळले, असे त्यातून 1997 मध्ये प्रसिद्ध झाले.

पोलीस खाते शिस्तीचे आहे. दंगल उसळली असता पाळी संपली म्हणून कोणी घरी जाऊ शकत नाही, हे मान्य. परंतु रोज काही दंगल नसते. 2016 साली मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. ती कल्पना एका शिपायाचीच होती, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्याचे जळते त्यालाच कळते.

म्हणूनच वर्षातून एखादे योगशिबिर घेऊन भागणार नाही. अधिकाऱ्यांनी पाळ्यांचा तक्ता आठवडाभर आधी लावावा. आपसात पाळी बदलू द्यावी. साप्ताहिक सुट्टी ऐनवेळी रद्द करावी लागली, तर बदली सुट्टीची तारीख त्याच दिवशी लेखी द्यावी. याला फारसा खर्च येत नाही.

पोलीस बंधुभगिनींनीही "आपल्या हातात काय आहे?" म्हणून प्रकृतीकडे पाठ फिरवू नये. वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासावी. बंदोबस्ताला निघताना घरचा डबा आणि पाणी बरोबर न्यावे. रात्रपाळीनंतरची झोप घरच्यांनी मोडू नये.

वेळेवर मंजूर झालेली रजा हेही औषधच आहे. पण ते मला चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. त्यावर सही साहेबांचीच लागते.