शिवसुमन : कड्यावरचे मुद्दल

शिरूर आणि दौंड हे भीमेच्या दोन तीरांवरचे तालुके. सह्याद्रीने अडवलेल्या पावसाचा उरलासुरला वाटाच येथे पोहोचतो. पाऊस लांबला की उधारीही लांबते, हे येथील व्यापाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही. टंचाईत खर्च कसा आवरावा, याचा धडा मात्र पुणे जिल्ह्यातीलच एक इवलीशी वनस्पती देते. तिचे नाव शिवसुमन.

शिरूरच्या वायव्येस जुन्नरचा शिवनेरी आणि दौंडच्या पश्चिमेकडील पुरंदर, या किल्ल्यांच्या कड्यांवर ती आढळते. 1860च्या दशकात वनाधिकारी निकोल डाल्झेल यांनी तिची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गतः कोठेही उगवत नाही.

तिचा व्यवहार पाहण्यासारखा आहे. पावसाळ्यात मांसल खोडावर पाने येतात आणि इतर झाडांप्रमाणे दिवसा अन्न तयार करतात. पाऊस सरला की ती पाने गळून पडतात. मग उघडे खोड दिवसा आपली छिद्रे मिटून घेते आणि रात्रीच्या गारव्यात हवा आत घेते. अशा रीतीने साठवलेले पाणी जपून वापरले जाते. सुगीत कमवावे आणि टंचाईत मुद्दल राखावे, असाच हा हिशेब. चातुर्मासाच्या दिवसांत तिला गडद किरमिजी रंगाची, पिवळ्या ठिपक्यांची, ताऱ्यासारखी फुले येतात. त्यांचे परागीभवन माश्या करतात.

एवढी काटक असूनही ती दुर्मिळ झाली. गुरांची चराई, वणवे आणि हौसेपोटी उपटणारे हात, हे तिचे वैरी. खोडाचा तुकडा लावला तरी तो सहज रुजतो, हे खरे. परंतु असे रोप मूळ रोपाचीच प्रत असते. बीजातून येणारे वैविध्य त्यात नसते. म्हणून अंगणातील कुंडी कड्यावरील रोपाची भरपाई करू शकत नाही.

वनस्पतीतही जीव आहे, हे आपल्या घरात बालवयातच शिकवले जाते. मुलांसह गडावर जाताना ती शिकवण सोबत असावी. फूल डोळे भरून पाहावे, रोपाला हात लावू नये. घरी हवेच असेल तर रोपवाटिकेत कलमापासून वाढवलेले घ्यावे, आणि ते कोठून आले हे विचारूनच घ्यावे. माल कोठून आला हे विचारणे व्यापाऱ्यास नवे नाही. येथे त्या प्रश्नावर एका जीवाचे आयुष्य अवलंबून आहे.