अंजिराची वही

परसात अंजिराचं झाड असेल तर यंदा एक काम कराच. ते कधी फळतं आणि कधी पिकतं, ते लिहून ठेवा. वेगळी वही नको. कालनिर्णयवर दुधाचा हिशेब मांडता, त्याच चौकोनात पेन्सिलीने लिहिलं तरी पुरे.

पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले बागायतदार पाणी तोडून, छाटणी करून बहार धरतात: पावसाळ्यात खट्टा, पावसाळा सरल्यावर मीठा. घरच्या झाडाला असा ताण कुणी देत नाही. त्याचं वेळापत्रक ते स्वतः ठरवतं, म्हणूनच ते टिपण्याजोगं.

अंजिराचा मोहर दिसत नाही, फुलं फळाच्या पोटातच असतात. तेव्हा पानाच्या बेचक्यात वाटाण्याएवढी गाठ दिसली, की तीच पहिली तारीख. पुढे फळ काही आठवडे जणू वाढतच नाही. हिरवं, टणक, जसंच्या तसं. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि नोंद थांबते. मग थोड्याच दिवसांत ते फुगतं, रंग चढतो, देठाशी मान कलते. ती दुसरी तारीख. कच्चं तोडलेलं अंजीर घरात नीट पिकत नाही, त्यामुळे ही तारीख कळणं मोलाचं. आधी बुलबुलाने चोच मारली, तर तेही लिहा.

अवकाळी पाऊस, पानांवरचा तांबेरा, छाटणीचा दिवसही टिपा. या नोंदी आम्हाला पाठवा, आणि पाठवताना गावाचं नाव आणि झाडाचं वय जरूर कळवा.