समुद्रातला गोंगाट आधी मोजायला हवा

सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवर दहशतवादी हल्ला झाला. त्यानंतर काही दिवस कॅनडाच्या फंडी उपसागरातील जहाजांची वर्दळ ओसरली. योगायोगाने तेव्हा तिथे दोन वेगवेगळे अभ्यास सुरू होते. पाण्याखालचा ध्वनी टिपणाऱ्या हायड्रोफोनने आवाज ६ डेसिबलने उतरल्याची नोंद केली. आकडा लहान दिसतो. पण याचा अर्थ ध्वनीची तीव्रता जवळपास चौथाईवर आली. त्याच काळात राइट व्हेल या देवमाशांच्या विष्ठेत ताणाशी निगडित संप्रेरकांचे प्रमाणही कमी आढळले. २०१२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

एका प्रसंगावरून सगळे सिद्ध होत नाही, हे खरे. मात्र दोन्ही मोजमापे हाताशी नसती तर हा संबंध दिसलाही नसता. जहाजाच्या पंख्याभोवती फुटणाऱ्या बुडबुड्यांचा आवाज खालच्या पट्टीचा असतो, आणि मोठे देवमासे एकमेकांना साद घालतात तेही याच पट्टीत.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ मध्ये दिलेल्या आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या सूचना आजही ऐच्छिक आहेत. व्हँकुव्हरजवळ २०१७ पासून जहाजांचा वेग उन्हाळ्यात कमी ठेवून आवाज किती घटला, हे हायड्रोफोनने तपासले जाते. मुंबईच्या किनाऱ्यालगतही हम्पबॅक डॉल्फिन राहतात. तिथल्या जलमार्गांवर अशा सलग नोंदी व्हाव्यात आणि त्या जाहीरही व्हाव्यात. तापमापक न लावता ताप उतरला असे कोणी म्हणत नाही. समुद्रालाही तोच न्याय हवा.